खुब्याच्या अस्थिभंगातील रुग्णालयपूर्व उपचार

खुब्याच्या अस्थिभंगातील रुग्णालयपूर्व उपचार म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा भाग मोडलेल्या रुग्णावर, तो पडल्या जागेपासून रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात पोहोचेपर्यंत, रुग्णवाहिकेतील प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी केलेले उपचार होत. वेदनाशमन, मोडलेल्या पायाला आधार, पडण्याच्या कारणाचा शोध, सुरक्षित वहन आणि योग्य रुग्णालयाची निवड ही या उपचारांची मुख्य अंगे आहेत. हा अस्थिभंग प्रामुख्याने साठीपुढील व्यक्तींमध्ये आणि त्यातही स्त्रियांमध्ये आढळतो. प्रस्तुत लेखात या उपचारांचे सर्वसाधारण स्वरूप आणि ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर शहरात ते ज्या परिस्थितीत दिले जातात ती परिस्थिती यांची माहिती दिली आहे.

संज्ञा

मराठीत 'खुबा मोडला' असे म्हटले जाते तेव्हा बहुधा कमरेचे हाड नव्हे, तर मांडीच्या हाडाचा (ऊर्वस्थीचा) मान, डोके किंवा त्याखालचा उंचवट्यांचा भाग मोडलेला असतो. 'पॅरामेडिक' या शब्दाबाबतही असाच घोटाळा आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत पॅरामेडिक म्हणजे रुग्णवाहिकेवरील स्वतंत्र परवानाधारक व्यावसायिक. भारतात मात्र 'पॅरामेडिकल' या नावाखाली प्रयोगशाळा तंत्रज्ञांपासून क्ष-किरण साहाय्यकांपर्यंत अनेकांचा समावेश केला जातो. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, 2021 या कायद्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ (पॅरामेडिक) हा व्यवसाय स्वतंत्रपणे नोंदवला गेला आहे.

महाराष्ट्रात या कामाची रचना आणखी वेगळी आहे. 2014 मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवर पॅरामेडिकऐवजी डॉक्टर नेमले जातात. त्यांपैकी बहुतेक आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानी पदवीधर असून त्यांना आपत्कालीन उपचारांचे प्रशिक्षण दिलेले असते. सोबत चालक असतो. या सेवेत त्याला 'पायलट' म्हणतात. आरंभी या ताफ्यात 937 रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी 233 प्रगत जीवनरक्षक आणि 704 मूलभूत जीवनरक्षक प्रकारच्या होत्या. त्यामुळे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत पॅरामेडिकचे म्हणून जे काम सांगितले जाते, ते येथे एक डॉक्टर आणि एक चालक मिळून करतात. रुग्ण उचलण्याच्या दृष्टीने हे दोघे अपुरे पडतात. याचा विचार पुढे येईल.

अस्थिभंगाचे स्वरूप

खुब्याचा सांधा उखळी आणि गोल डोके यांचा बनलेला असतो. डोके आणि हाडाचा दांडा यांना जोडणारा अरुंद भाग म्हणजे मान. सांध्यावरील वेष्टणाच्या आत, म्हणजे मानेत, झालेला अस्थिभंग आणि वेष्टणाच्या बाहेर, उंचवट्यांच्या पट्ट्यात किंवा त्याखाली झालेला अस्थिभंग हे दोन मुख्य प्रकार होत. डोक्याला होणारा रक्तपुरवठा मुख्यतः मानेवरून वर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून होतो. मान मोडून तुकडे सरकले की या वाहिन्या तुटतात आणि डोके निर्जीव होण्याचा धोका निर्माण होतो. म्हणूनच वृद्धांत अशा वेळी हाड जोडण्याऐवजी कृत्रिम डोके किंवा पूर्ण कृत्रिम सांधा बसवला जातो. वेष्टणाबाहेरील अस्थिभंगात रक्तपुरवठा बहुधा टिकून राहतो. तेथे स्क्रू-पट्टी किंवा हाडाच्या पोकळीत घातलेला खिळा वापरून हाड जोडतात. परंतु या प्रकारात रक्तस्राव अधिक होतो. मांडीच्या स्नायूंत एक लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त साचू शकते आणि बाहेरून त्याचा मागमूस दिसत नाही.

रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्याला हे दोन प्रकार नजरेने वेगळे ओळखता येत नाहीत आणि ओळखण्याची गरजही नसते. सरकलेल्या अस्थिभंगात पाय आखूड झालेला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले दिसते. जांघेत तीव्र वेदना होते. कधी ती केवळ गुडघ्यात जाणवते, त्यामुळे लक्ष चुकीच्या जागी जाते. न सरकलेल्या अस्थिभंगात मात्र पाय सरळ दिसतो, काही रुग्ण भिंतीला धरून चालूनही दाखवतात. 'चालता येते, म्हणजे मोडलेले नाही' हा घरोघरी ऐकू येणारा निष्कर्ष अनेकदा चुकीचा ठरतो. असा रुग्ण दोन-तीन दिवस चालत राहिला तर न सरकलेले हाड सरकते, आणि किरकोळ शस्त्रक्रियेने भागले असते तेथे सांधा बदलण्याची वेळ येते.

या अस्थिभंगांपैकी बहुसंख्य घरात, उभ्या उंचीवरून पडल्याने होतात. ओली मोरी, शौचालयाचा उंबरठा, रात्री अंधारात उठणे, झोपेची किंवा रक्तदाबाची औषधे ही नेहमीची निमित्ते आहेत. मूळ कारण मात्र अस्थिसुषिरता, म्हणजे हाडांची घनता घटणे, हे असते. हरियाणातील रोहतक जिल्ह्यात झालेल्या एका अभ्यासात पन्नाशीपुढील लोकसंख्येत या अस्थिभंगाचे वार्षिक प्रमाण दर लाखामागे सुमारे 129 आढळले. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील 9.9 टक्के लोकसंख्या साठीपुढील होती, हे लक्षात घेता प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते.

घटनास्थळी तपासणी

प्रथम श्वसन, नाडी, रक्तदाब, शुद्ध आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहिले जाते. प्राणवायू 94 टक्क्यांच्या खाली असल्यास तो दिला जातो. त्यानंतरचा प्रश्न हाडाचा नसून पडण्याचा असतो: रुग्ण पाय घसरून पडला, की भोवळ येऊन पडला? वृद्ध व्यक्तीच्या पडण्यामागे हृदयाची अनियमित गती, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, रक्तातील साखर घटणे, मूत्रमार्गाचा संसर्ग यांपैकी काहीही असू शकते. म्हणून बोटाच्या टोकाच्या थेंबावरून साखर तपासणे आणि उपलब्ध असल्यास हृदयालेख काढणे हे या तपासणीचे अविभाज्य भाग मानले जातात. मोडलेला पाय इतका ठळकपणे दिसतो की त्यामागचा पक्षाघात नजरेतून सुटतो, ही आपत्कालीन वैद्यकातील परिचित चूक आहे. डोक्याला मार लागला आहे काय, आणि रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेतो काय, या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्रितपणे पाहावी लागतात.

रुग्ण किती वेळ जमिनीवर पडून होता, हेही विचारले जाते. एकटी राहणारी व्यक्ती रात्री पडली आणि सकाळी कामवाली बाई आल्यावरच कळले, अशा प्रसंगी निर्जलीकरण, दाबाने झालेले व्रण आणि स्नायूंच्या विघटनामुळे मूत्रपिंडावर येणारा ताण या गुंतागुंती संभवतात. थंड प्रदेशांतील मार्गदर्शिका अशा वेळी शरीराचे तापमान घटण्यावर भर देतात. कोकण किनारपट्टीवर, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, मुख्य धोका पाणी कमी पडण्याचा असतो. तथापि ओल्या फरशीवर रात्रभर पडलेला कृश वृद्ध येथेही गारठू शकतो.

पावलावरील नाडी, बोटांची हालचाल आणि संवेदना हलवण्यापूर्वी आणि हलवल्यानंतर तपासून नोंदवतात.

वेदनाशमन

हलवण्यापूर्वी वेदना शमवणे हा या उपचारांचा गाभा आहे. पडून राहिलेल्या रुग्णाची वेदना सुसह्य असू शकते. पण उचलताना, वळवताना आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्याबरोबर ती असह्य होते. त्यामुळे निश्चल स्थितीत एकदा आणि किंचित हालचाल करताना एकदा, अशी दोन वेळा शून्य ते दहा या मापाने वेदना विचारण्याची पद्धत आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाला आकडा सांगता येत नाही. त्याचा चेहरा, कण्हणे, पायाला हात लावू न देणे यांवरून अंदाज बांधावा लागतो. अशा रुग्णांना वेदनाशामक कमी मिळते असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. शमवली न गेलेली वेदना वृद्धांत संभ्रमावस्थेला कारणीभूत ठरते.

शिरेतून दिलेले पॅरासिटामॉल हे पहिले औषध होय. 50 किलोग्रॅमपेक्षा अधिक वजनाच्या प्रौढास एक ग्रॅम आणि त्याखालील वजनास प्रतिकिलो 15 मिलिग्रॅम अशी मात्रा सामान्यतः वापरतात. तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन किंवा फेन्टानिल थोड्या-थोड्या मात्रेत, श्वसनावर लक्ष ठेवून दिले जाते. भारतात ही औषधे अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985 याखाली येतात. 2014 च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक अमली औषधे' असा वर्ग निर्माण करून रुग्णालयांसाठी नियम सुटसुटीत केले. 2018 मध्ये ट्रॅमाडॉलही याच कायद्याच्या कक्षेत आले. साठा, नोंदवही आणि जबाबदार व्यक्ती यांच्या अटींमुळे फिरत्या रुग्णवाहिकेत अशी औषधे ठेवणे रुग्णालयापेक्षा अवघड असते. डायक्लोफेनॅकची सुई हा आपल्याकडील सर्वपरिचित पर्याय. परंतु निर्जलित, मूत्रपिंड क्षीण झालेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांत ती अपायकारक ठरू शकते, आणि खुबा मोडलेले बरेच रुग्ण नेमके याच वर्गातले असतात.

जांघेजवळील फॅसिया इलियाका या पडद्याखाली स्थानिक भूल टोचून मांडीचा पुढचा भाग बधिर करण्याचे तंत्र आपत्कालीन विभागांत रूढ झाले आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स आणि वेल्समधील स्वॉन्सी येथे प्रशिक्षित पॅरामेडिकांकडून हे तंत्र घरच्या घरीच वापरून पाहण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. या तंत्राने श्वसन मंदावत नाही, हा त्याचा मोठा लाभ आहे.

पायाला आधार

मांडीच्या हाडाचा मधला दांडा मोडला असता पाय ओढून धरणारी ताणपट्टी लावतात. ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाने ओळखली जाणारी थॉमस पट्टी त्याचे मूळ रूप होय. खुब्याच्या अस्थिभंगात मात्र ही पट्टी लावत नाहीत. तिचा वरचा कडा नेमका मोडलेल्या जागेवर टेकतो, आणि मानेच्या अस्थिभंगात ओढ दिल्याने उरलेल्या रक्तवाहिन्यांना इजा होण्याची शक्यता असते. शस्त्रक्रियेपूर्वी वॉर्डात वजने लटकवून पायाला ताण देण्याची प्रथा भारतात अद्याप आढळते; तिच्यामुळे वेदना कमी होतात असा पुरावा कॉक्रेन आढाव्यात मिळाला नाही.

पाय ज्या स्थितीत कमी दुखतो त्या स्थितीत ठेवणे, दोन्ही पायांमध्ये उशी किंवा घडी केलेले पांघरूण ठेवून चांगल्या पायाचा खपाचीसारखा उपयोग करणे, घोट्यांजवळ आणि गुडघ्यांवर रुंद पट्टीने सैलसर बांधणे, एवढ्यावर भागते. लांबीच्या दिशेने दोन भागांत उघडणारे स्कूप स्ट्रेचर येथे विशेष उपयोगी पडते, कारण त्याची पाती दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवता येतात आणि रुग्णाला कुशीवर पूर्ण वळवावे लागत नाही.

रुग्णवाहिका येण्यापूर्वी घरच्यांकडून सर्वाधिक हानी होते ती रुग्णाला काखेत धरून उभे करण्याने आणि तेल लावून चोळण्याने. हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेण्याचा प्रकारही महाराष्ट्रात अजून पूर्णपणे थांबलेला नाही. मनगटाचा मुरगळा आणि खुब्याचा अस्थिभंग यांत फरक आहे. खुबा बाहेरून ओढून बसवता येत नाही.

मीरा-भाईंदरमधील वहन

मीरा-भाईंदर हे मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेले शहर आहे. 1985 मध्ये नगरपालिका आणि 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या 2011 मध्ये 8,09,378 होती. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, आग्नेयेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दक्षिणेस दहिसर अशी त्याची चौकट आहे. पश्चिम रेल्वेचा लोहमार्ग शहराला पूर्व आणि पश्चिम असे दुभागतो. भाईंदरहून खाडी ओलांडून नायगावकडे रेल्वे जाते. रुग्णवाहिकेला मात्र काशिमीऱ्यावरून राष्ट्रीय महामार्गाने वळसा घ्यावा लागतो. शहराबाहेर पडण्याचे व्यवहार्य रस्ते दोनच उरतात: दहिसर नाक्यावरून मुंबईकडे आणि घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे. दोन्ही कोंडीसाठी प्रसिद्ध आहेत.

108 वर केलेला दूरध्वनी पुण्यातील औंध येथील नियंत्रण कक्षात घेतला जातो. शांतीनगर, नया नगर यांसारख्या वसाहतींत क्रमांकांचे सेक्टर आणि मिळत्याजुळत्या नावांच्या सोसायट्या शेजारी-शेजारी असल्याने, जवळची ठळक खूण आणि इमारतीचा विभाग सांगणे उपयुक्त ठरते. प्रवेशद्वारापाशी एखादी व्यक्ती उभी केल्यास शोधाशोधीतला वेळ वाचतो.

शहरातील अनेक जुन्या इमारती चार मजली असून त्यांना लिफ्ट नाही. जिने अरुंद आणि वळणावरचे चौथरे आखूड आहेत. आडवे स्ट्रेचर तेथे वळत नाही. परिणामी रुग्णाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणण्याचा मार्ग सर्रास अवलंबला जातो. बसल्याने खुबा वाकतो आणि मोडलेली टोके एकमेकांवर सरकतात. हा मार्ग टाळण्यासाठी स्कूपवर पट्ट्यांनी घट्ट बांधलेला रुग्ण डोक्याकडील बाजू वर ठेवून किंचित तिरपा उतरवतात. त्यासाठी चार माणसे लागतात. रुग्णवाहिकेवर दोघेच असल्याने शेजारी आणि इमारतीचा रखवालदार हे उरलेले दोघे असतात. एकाने मोजून 'उचला' म्हणायचे आणि इतरांनी त्याच शब्दावर उचलायचे, हे त्यांना आधी समजावून सांगणे हाही प्रशिक्षणाचा भाग समजला पाहिजे. वेदनाशामक औषधाचा अंमल चढेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे नातेवाइकांना दिरंगाई वाटते; प्रत्यक्षात ती उपचाराचीच वेळ असते.

उत्तन, पाली, चौक या किनाऱ्यावरील गावांचा प्रश्न निराळा आहे. कोळी आणि ख्रिस्ती वस्तीच्या जुन्या आळ्यांत गाडी शिरत नाही. ती मुख्य रस्त्यावर थांबवून रुग्ण उचलून आणावा लागतो आणि तेथून भाईंदर गाठण्यास एकच मुख्य रस्ता आहे.

रुग्णालयाची निवड

सर्वांत जवळचे रुग्णालय हे सर्वांत योग्य असेलच असे नाही. खुब्याच्या अस्थिभंगाचा निर्णायक उपचार शस्त्रक्रिया हाच असून, त्यासाठी अस्थिशल्यचिकित्सक, वृद्धाला भूल देण्याची तयारी, रक्तपेढी आणि आवश्यकता पडल्यास अतिदक्षता विभाग लागतो. ब्रिटनमधील नाइस या संस्थेची मार्गदर्शिका दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करण्याची शिफारस करते. 17 देशांतील 69 रुग्णालयांत 2,970 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या 'हिप अटॅक' चाचणीत भारतातील रुग्णालयेही सहभागी होती. निदानानंतर सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया केलेला गट आणि सुमारे 24 तासांत केलेला गट यांच्या 90 दिवसांतील मृत्युदरात (9 आणि 10 टक्के) लक्षणीय फरक आढळला नाही. तथापि लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत संभ्रमावस्था कमी आढळली आणि ते लवकर उभे राहिले. तासाभराच्या धावपळीने जीव वाचतो असा याचा अर्थ नव्हे. मात्र दिवसचे दिवस वाया जाणे घातक असते, याबद्दल तज्ज्ञांत एकमत आहे.

हे दिवस वाया जातात ते बहुधा दुसऱ्यांदा हलवण्यात. शहरात महापालिकेने उभारलेले आणि नंतर राज्य शासनाकडे सोपवलेले भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय भाईंदर पश्चिमेस आहे. 'टेंभा रुग्णालय' या नावाने ते लोकांना परिचित आहे. शहरात खासगी रुग्णालयेही बरीच आहेत. त्यापलीकडे सार्वजनिक रुग्णालये म्हणजे कांदिवलीचे शताब्दी, परळचे केईएम किंवा ठाण्याच्या बाजूस कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. एका ठिकाणी क्ष-किरण काढून दुसरीकडे पाठवले, तेथे खाट नाही म्हणून तिसरीकडे, असा प्रवास झाला तर प्रत्येक टप्प्यावर रुग्ण पुन्हा स्ट्रेचरवरून खाटेवर आणि खाटेवरून स्ट्रेचरवर सरकवला जातो, पुन्हा उपाशी ठेवला जातो. म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी दूरध्वनी करून अस्थिशल्यचिकित्सा उपलब्ध आहे काय, याची खातरजमा करणे हिताचे ठरते.

खर्चाचा प्रश्न या निवडीत नेहमीच असतो. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी राज्याची योजना केवळ अंगीकृत रुग्णालयांत लागू होते. ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत 70 वर्षे आणि त्यावरील सर्व व्यक्तींना, उत्पन्नाची अट न ठेवता, वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे. शिधापत्रिका आणि आधारपत्र घरी राहिल्याने दाखल करण्याची प्रक्रिया रखडते, त्यामुळे निघतानाच ती सोबत घेण्याची आठवण अनुभवी कर्मचारी करून देतात.

रुग्ण सोपवणे

आपत्कालीन विभागात रुग्ण सोपवताना पडण्याची वेळ, जमिनीवर पडून राहण्याचा कालावधी, पडण्याचे संभाव्य कारण, दिलेली औषधे व त्यांच्या वेळा, वेदनेचे आकडे, पावलावरील नाडी आणि शेवटचे खाणे-पिणे यांची माहिती दिली जाते. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, अपिक्सॅबॅन यांसारख्या औषधांची शेवटची मात्रा केव्हा घेतली, यावर भुलेचा प्रकार आणि शस्त्रक्रियेची वेळ अवलंबून असते. नाव आठवत नसल्यास गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून आणली जातात.

याशिवाय केवळ घरी गेलेल्यालाच कळू शकतील अशा काही गोष्टी असतात: रुग्ण पडण्यापूर्वी काठीशिवाय चालत होता काय, बाजारहाट स्वतः करीत होता काय, नातवंडांची नावे त्याला आठवत होती काय, घरात कोण असते, जिना किती मजल्यांचा आहे. शस्त्रक्रियेनंतर त्याने कुठवर बरे व्हायचे याची मर्यादा या माहितीवरून ठरते, आणि भौतिकोपचार तज्ज्ञ त्यावरच आपले उद्दिष्ट आखतात. वॉर्डात वेदनेने भ्रमिष्ट झालेला वृद्ध 'पूर्वीपासूनच असा' असल्याचे गृहीत धरले जाऊ नये, यासाठी रुग्णवाहिकेच्या नोंदपत्रावरील 'काल संध्याकाळपर्यंत पूर्ण शुद्धीत, स्वतः चालत होते' एवढी एक ओळही पुरेशी ठरू शकते.